लंडनमधला शोरो-सांबा वर्ग : जानेवारी ते एप्रिल, कामाच्या नोंदी

८ जानेवारी

आखणी पक्की झाली. शिकवणारे मेस्त्रे, म्हणजे गुरू, रिओ द जानेइरोचे, मूळ वाद्य पांदेइरो, म्हणजे झांजा लावलेला डफ. बराच काळ युरोपात राहून वाजवतात आणि शिकवतात. जागा पूर्व लंडनमधले वस्तीचे सभागृह, दर बुधवारी संध्याकाळी दोन तास. पहिला तास सांब्याच्या (ब्राझीलच्या नृत्यसंगीताच्या) बातेरियाचा, म्हणजे तालवाद्यांच्या ताफ्याचा. दुसरा तास शोरोचा, म्हणजे ब्राझीलच्या जुन्या वाद्यसंगीताचा. सत्राची सांगता २३ एप्रिलला. ब्राझीलमध्ये तो शोरोचा राष्ट्रीय दिवस असतो, शोरोचे थोर रचनाकार पिशिंगिन्या यांच्या जन्मदिवसाच्या निमित्ताने. (त्यांची खरी जन्मतारीख ४ मे १८९७ असल्याचे पुढे जुन्या नोंदींतून निघाले, पण साजरा करायचा दिवस तोच राहिला.) त्या संध्याकाळी विद्यार्थी टेबलाभोवती बसून रोदा, म्हणजे गोलात बसून एकत्र वादन, करतील.

परदेशातले बहुतेक वर्ग फक्त बातेरिया शिकवतात, कारण दोन आठवड्यांत मोठा आवाज निघतो आणि मिरवणुकीत उभे राहता येते. मेस्त्रेंचा दोन्ही एकत्र शिकवण्याचा आग्रह आहे. बातेरियात काळ पक्का होतो, शोरोत कान तयार होतो, आणि पांदेइरो या दोहोंना जोडतो. सांबा नुसता जोरात वाजवणाऱ्याला दुसऱ्याच्या सुराखाली वाजवता येत नाही. शोरो नुसता कागदावरून शिकणाऱ्याची लय सपाट राहते. या सत्रातली कामे याच दृष्टीने लावली आहेत.

वाद्यांची मोजणी: सुर्दो, म्हणजे खर्जाचे मोठे ढोल, तीन (२२, २० आणि १६ इंच), रेपिनिक, चढ्या आवाजाचे ढोल, दोन (१२ इंच), काइशा, तारा लावलेले ढोल, चार (१२ इंच), तांबोरिम, काठीने वाजवायचे छोटे डफ, सहा (६ इंच), शोकाल्यो (खुळखुळे) तीन, आगोगो (जोडघंटा) दोन, कुइका (काडी घासून वाजवायचे वाद्य) एक. पांदेइरो नऊ, सगळे १० इंची, पाच जोड्या झांजांचे. त्यांतले सात बकरीच्या कातड्याचे, दोन नायलॉनचे. शोरोसाठी काव्हाकिन्यो (चार तारांच्या छोट्या गिटारी) दोन आणि सात तारांची गिटार एक वर्गाच्या मालकीची. बासरी, क्लॅरिनेट, मँडोलिन विद्यार्थी आपापली आणतात.

१५ जानेवारी

आज एकही वाद्य पिशवीतून काढले नाही. ठरवून.

पहिली चाळीस मिनिटे पाय. उजवा, डावा, उजवा, थांब. डावा, उजवा, डावा, थांब. त्यावर तोंडाने चार भाग: एका मात्रेचे चार तुकडे. शिकवण्यातली सगळ्यात अवघड जागा इथेच आहे. कागदावर हे चार तुकडे समान दिसतात, सांब्यात ते समान नसतात. तिसरा आणि चौथा ठोका गणिती जागेपेक्षा किंचित आधी येतो. त्यामुळे दुसरा तुकडा आखूड होतो आणि चौथा लांबतो. त्या लांबलेल्या चौथ्यावरून पुढची मात्रा घसरत आल्यासारखी येते. हा फरक इतका बारीक असतो की मोजून वाजवता येत नाही. मोजायला गेले की दोन चुका हमखास होतात: कोणी चारही समान करतो आणि मशीनसारखे ऐकू येते, कोणी जास्त ओढतो आणि तिश्र जातीची (मात्रेच्या तीन समान तुकड्यांची) झाक येते. दुसरी चूक जॅझ वाजवलेल्यांत अधिक.

उपाय मेस्त्रेंचा: आधी चालायचे, मग चालता चालता बोलायचे, आणि बोलताना पावलाकडे लक्ष द्यायचे, तोंडाकडे नाही. वजन एका पायावरून दुसऱ्यावर जायला जो वेळ लागतो तोच चौथा तुकडा लांबवतो. गती मिनिटाला ६० मात्रांपासून. मेट्रोनोम (ठरावीक गतीने टिकटिक करणारे यंत्र) लावला तर फक्त दुसऱ्या मात्रेवर वाजेल असा. प्रत्येक चौथाईवर वाजणारा मेट्रोनोम इथे अपाय करतो, कारण तो चारही तुकडे समान करायला भाग पाडतो.

२२ जानेवारी

पांदेइरो हातात दिला. डाव्या हाताची पकड: जिथे झांज नाही त्या जागी कडेवर अंगठा वरून, बाकीची बोटे आतून, मधले बोट कातड्याला खालून टेकवता आणि सोडवता आले पाहिजे. बंद आणि खुला आवाज त्या बोटावर अवलंबून.

उजव्या हाताचे चार ठोके: अंगठा, बोटांची टोके, तळव्याची टाच, पुन्हा टोके. वर्गापुरते बोल असे ठरवले: अंगठा खुला तुं, अंगठा बंद त, टोके चि, टाच क. सांब्याचा पायाभूत ठेका:

त चि क चि | तुं चि क चि

पहिली मात्रा बंद, दुसरी खुली. भार दुसऱ्या मात्रेवर. तबला शिकलेल्या मराठी विद्यार्थ्यांना इथे दोन अडचणी येतात, आणि दोन्ही चांगल्या तालमीतून आलेल्या आहेत. एक, बोटे वेगवेगळी चालतात. पांदेइरोत बोटे एकत्र राहतात आणि मनगट किल्ली फिरवल्यासारखे फिरते. टाच आणि टोके एकाच फिरण्याची दोन टोके. बोटांनी वाजवले तर ८० च्या वर हात आखडतो. दुसरी अडचण समेची. सम आली की अंग आपोआप जोर देते, आणि इथे तर पहिली मात्रा दाबायची आहे. मेस्त्रे त्यांना टाळी फक्त दुसऱ्या मात्रेवर द्यायला लावतात आणि पहिलीवर हात छातीशी धरायला सांगतात. दहा मिनिटांत फरक पडतो.

डावा हात स्थिर ठेवायचा नाही. तोही उजव्याला सामोरा थोडा फिरतो, म्हणजे दोन्ही मनगटे अर्धे अर्धे काम वाटून घेतात. वाद्याचे वजन साधारण ४०० ते ५०० ग्रॅम. नवशिक्याने सुरुवातीला पाच मिनिटे वाजवून दोन मिनिटे खाली ठेवावे. मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला दुखायला लागले की पकड घट्ट आहे असे समजावे.

२५ जानेवारी

कातड्यांचे काम. हिवाळ्यात सभागृहात रेडिएटर चालू, हवा कोरडी. बकरीचे कातडे ताणले जाते आणि अंगठ्याचा आवाज पातळ होतो. बाहेर पाऊस, तेच वाद्य रस्त्याने आणले की सैल पडते, तुं ऐवजी थप्प. एकाच संध्याकाळी दोन्ही होते.

नियम असे लावले. वाद्ये वर्गाआधी अर्धा तास पिशवीतून काढून ठेवायची, रेडिएटरपासून दूर. त्यानंतरच सूर बघायचा. सैल असेल तर समोरासमोरच्या नटांना पाव फेरा, एक जोडी झाली की दुसरी. एकाच बाजूने फिरवत गेले तर कडे वाकडे होते आणि कातडे एका कडेला सुरकुतते. फार ताणलेले असेल तर नट सैल करण्याआधी ओलसर फडके कातड्याच्या मध्यावरून एकदा फिरवायचे, पाच मिनिटे थांबायचे. हेअर ड्रायर वापरायचाच असेल तर वीतभर लांबून आणि सतत हलवत; एका जागी धरला की कडेजवळ कातडे तडकते, आणि तडा गेला की ते कातडे संपले. वाजवून झाल्यावर नट अर्धा फेरा सैल करून ठेवणे चांगले, विशेषतः खोली रात्रभर तापलेली राहणार असेल तर.

बोटाने घासून झांजांची थरथर काढायची असेल तर कडेच्या आत दोन बोटे रुंदीच्या पट्टीवर मधमाशीचे मेण अगदी पातळ लावतात. जास्त लावले की धूळ बसते आणि बोट अडखळते.

झांजांच्या प्रत्येक जोडीत दोन फुगीर चकत्यांच्या मधे एक सपाट चकती असते, ती आवाज कोरडा ठेवते. दोन पांदेइरोंमध्ये ती वाकलेली निघाली, म्हणून झांज वाजून झाल्यावरही घुमत होती. सपाट करून बसवली.

५ फेब्रुवारी

सुर्दो. २२ इंची पहिला, सगळ्यात खर्जातला, दुसऱ्या मात्रेवर पडतो. २० इंची दुसरा त्याला पहिल्या मात्रेवर उत्तर देतो. १६ इंची तिसरा मधली जागा कापत जातो. नावे आणि मात्रा उलटसुलट असल्याने नवीन माणूस नेहमी गोंधळतो. तोंडपाठ करण्याऐवजी मोठ्या सुर्दोच्या शेजारी उभे करून पोटात कुठे आदळते ते बघायला सांगावे.

पहिल्या आणि दुसऱ्यात आम्ही मध्यमाचे अंतर ठेवले, षड्ज आणि मध्यम. जवळ आणले तर दोन वाद्ये एकच वाटतात, लांब नेले तर संवाद तुटतो. वरचे कातडे लावताना समोरासमोरचे दांडे अर्धा अर्धा फेरा. खालचे कातडे थोडे अधिक ताणलेले बरे, नाहीतर गुंजन फार लांबते आणि पुढच्या ठोक्यावर चढते. काठीच्या टोकाला मऊ गोळा. कडक गोळ्याने नुसती टणक सुरुवात ऐकू येते, खर्ज निघत नाही. मोकळा हात कातड्यावर ठेवून आवाज थांबवणे हा ठोक्याइतकाच महत्त्वाचा भाग. सुर्दो वाजवणाऱ्याचे अर्धे काम शांततेचे आहे आणि ते कोणी शिकवत नाही.

मोठ्या सुर्दोचे श्रेय रिओच्या एस्तासिओ वस्तीतले सांबा कलाकार बिदे यांना दिले जाते. त्याच वस्तीत १९२८ मध्ये देइशा फालार ही सांब्याची मंडळी जमली. गर्दीत चालताना सगळ्यांना एकच काळ ऐकू यावा ही त्यामागची गरज. रिओच्या मांगेइरा या सांबा शाळेत आजही उत्तर देणारा दुसरा सुर्दो नाही, म्हणून त्यांची बातेरिया डोळे मिटूनही ओळखता येते. वर्गात हे वाजवून दाखवले: दुसरा सुर्दो पाच मिनिटे थांबवला. लगेच गती पळाली. पहिल्या मात्रेवर कोणी नसले की प्रत्येकाला ती स्वतःत धरावी लागते.

१२ फेब्रुवारी

तांबोरिम. कातडे नायलॉनचे, ताण खूप जास्त. नट पूर्ण आवळूनही आवाज ठप्प वाटत असेल तर काठी बघावी. अनेक पात्यांची प्लास्टिकची काठी लागते.

आजचा बोल, तेलेको-तेको. चार मात्रा, सोळा भाग:

त – त – | त त – त | – त – त | – त त –

नऊ ठोके. सात भागांचा एक गट आणि नऊचा दुसरा, म्हणून दोन्ही अर्धे सारखे नाहीत. सगळी गोष्ट याच असमानतेत आहे. तीनतालाची सवय असलेल्यांना सोळा म्हटले की आठव्यानंतर खाली दिसते. इथे खाली नाही, आणि हे सोळा मात्रांचे आवर्तनही नाही. चारच मात्रा आहेत.

गाणे कधी पहिल्या अर्ध्यापासून सुरू होते, कधी दुसऱ्या. चाल एका अर्ध्यावर आणि तांबोरिम दुसऱ्यावर गेले की त्याला आत्राव्हेसादो म्हणतात. चूक गंभीर धरली जाते, कारण सगळे बरोबर वाजवत असूनही एकत्र चुकीचे असतात. ओळखायची खूण: गाणाऱ्याचे शब्द तांबोरिमच्या रिकाम्या जागांवर आदळायला लागतात. दुरुस्तीसाठी थांबायचे नाही. तांबोरिम वाजवणाऱ्याने दोन मात्रा गप्प राहून पुढच्या अर्ध्यावर परत यायचे. याचा सराव मुद्दाम चुकवून घेतला. हे कौशल्य रोदेतही लागते.

तांबोरिम उलटवून खालून मारण्याची क्रिया (तीन वरून, एक खालून) या सत्रात घेतलेली नाही. डावा हात फिरायला महिने लागतात. घाईने शिकवले की ठेका मोडतो.

१९ फेब्रुवारी

कानांचे. बंद सभागृहात वीस जण वाजवत असताना ध्वनिमापक मधोमध धरला तर १०० डेसिबलच्या पुढे जातो. ब्रिटनमध्ये कामाच्या जागी आठ तासांची वरची कृतिपातळी, म्हणजे जिथे कानांचे संरक्षण सक्तीचे होते ती, ८५ डेसिबल आहे, आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० ला पंधरा मिनिटे. कानातले बोळे सक्तीचे, मेस्त्रेंनाही. रेपिनिक आणि तांबोरिम भिंतीकडे तोंड करून उभे करायचे नाहीत. सलग वादन आठ मिनिटे, मग बोलून सराव.

२६ फेब्रुवारी

रेपिनिक. एक हात, एक काठी, फार ताणलेले कातडे. ढोल-ताशा पथकात ताशा जसा ढोलांना उठवतो, तसे बातेरियात रेपिनिक बोलावते आणि बाकीचे उत्तर देतात. हाक दोन मात्रांची असली तरी तिच्या शेवटच्या तुकड्यात गती ठरते. हाक घाईत दिली की सगळा ताफा त्या घाईत पडतो आणि सुर्दोला ओढून ठेवावे लागते. म्हणून हाक देणाऱ्याने आधी पावलात चार मात्रा मोजायच्या, मग काठी उचलायची.

काइशाला खालून तारांची पट्टी आहे असे समजून काही जण ती शोधत बसले. या काइशांना तारा वर, कातड्यावर आहेत. सैल राहिल्या की खरखर सगळीकडे पसरते.

शोकाल्यो उचलून हलवायचे, आपटायचे नाही. हात पुढे गेला की आवाज, मागे आला की आवाज. मागचा किंचित हलका.

५ मार्च

आज ऐकणे. ध्वनिमुद्रणे लावून फक्त पायाने ताल धरला.

एक गोष्ट समजावून सांगितली ती इथे नोंदवावी. ब्राझीलचे संगीत परदेशात नेऊन वाजवणे जुने आहे. पिशिंगिन्या आणि त्यांचा ताफा ओइतो बातुतास १९२२ मध्ये पॅरिसला गेले आणि काही महिने तिथे वाजवले. १९६२ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये बोसा नोव्हाची (सांब्यातून निघालेल्या शैलीची) मैफल झाली. टोकियोच्या आसाकुसा भागात १९८१ पासून सांब्याची मिरवणूक निघते, लंडनची पहिली सांबा शाळा १९८४ ची, जर्मनीतल्या कोबुर्ग गावात १९९२ पासून सांब्याचा उत्सव भरतो. मैफल नेणे आणि वर्ग चालवणे यांत मात्र फरक आहे. मैफल ऐकून लोक घरी जातात. वर्गातून लोक स्वतः वाजवू लागतात, आणि मग जे चुकीचे शिकवले तेही पसरते. मेस्त्रे पहिले चार आठवडे इतके हळू का घेतात त्याचे हे कारण. सपाट लय एकदा वीस जणांच्या हातात बसली की ती त्यांच्याकडून पुढच्या वीस जणांकडे जाते.

१२ मार्च

शोरोची तारवाद्ये. काव्हाकिन्यो चार पोलादी तारांचे, रे-सोल-सि-रे (पाश्चात्त्य स्वरनावे). गिटार वाजवणारे सवयीने पहिली तार मि ला चढवतात. बोटांच्या जागा ओळखीच्या होतात, पण तार पातळ असल्याने तुटते, आणि जुन्या वादकांचे पकडीचे आकार जुळत नाहीत. रे वरच ठेवायचे ठरले. काव्हाकिन्योचे काम तालाचे: तारा छेडण्याच्या पट्टीने वर-खाली, पांदेइरोच्या टोकांशी जुळवून. नवशिका फक्त खाली मारतो. खालचा आणि वरचा झटका आलटून पालटून सतत चालू ठेवायचा, आणि आवाज हवा तिथेच तारांना टेकायचे. हात थांबला की लय थांबते.

सात तारांची गिटार: सातवी तार खाली, डो या स्वराला लावलेली. खर्जातल्या फिरत्या ओळींना बाइशारिया म्हणतात. दिनो सेते कोर्दास (१९१८ ते २००६) यांनी ती पद्धत घडवली, आणि तिचा उगम पिशिंगिन्यांच्या सॅक्सोफोनमध्ये आहे. १९४० च्या दशकात पिशिंगिन्यांनी बासरी ठेवून टेनर सॅक्सोफोन घेतला आणि बेनेदितो लासेर्दा यांच्या बासरीखाली प्रतिसूर वाजवले. ती मुद्रणे ऐकल्याशिवाय सातवी तार हातात घेऊ नये, असे मेस्त्रे म्हणतात. ते बरोबर आहे. ती ऐकली की खर्ज चालीशी बोलतो हे कळते. नाही ऐकली तर तो नुसता धावतो.

लाकडाबद्दल एक सूचना. जुन्या ब्राझिली गिटारींत जाकारांदा (ब्राझिली रोझवूड) असते. १९९२ पासून तो वृक्ष सायटीस कराराच्या (संकटग्रस्त प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणून असे वाद्य सीमेपलीकडे नेताना प्रमाणपत्र लागते; नाहीतर विमानतळावर अडते. वर्गासाठी घेतलेल्या गिटारची पाठ भारतीय शिसवीची आहे. तीही सायटीसच्या दुसऱ्या परिशिष्टात, पण तयार वाद्यांना २०१९ च्या नोव्हेंबरपासून सूट आहे. पश्चिम घाटातले हे लाकूड आज जाकारांदाच्या जागी जगभर वापरतात.

१९ मार्च

रचनेचा आराखडा. बहुतेक शोरो तीन भागांचे, प्रत्येक साधारण १६ मापांचा (दोन मात्रांचे एक माप): अ अ, ब ब, अ, क क, अ. मराठी शिकणाऱ्याला अ हा मुखडा वाटतो आणि ते चालते, कारण दोन्ही अंतऱ्यांनंतर तो परत येतो. फक्त परत येताना तो एकदाच वाजतो, सुरुवातीला दोनदा. क भाग बहुतेक वेळा दुसऱ्या स्वरस्थानी जातो. गिटारवाल्याने तिथे आधी दोन मात्रांची चाहूल द्यायची. चाहूल नसली की बासरी एकटी पडते.

कागद वाटायचे तर कोणाचे, हा प्रश्न. इथल्या कायद्यात रचनाकाराच्या मृत्यूनंतर ७० वर्षे हक्क राहतो. जोआकिम कालादो (मृत्यू १८८०), एर्नेस्तो नाझारेथ (१९३४), शिकिन्या गोंझागा (१९३५) मोकळे. पिशिंगिन्या (१९७३) आणि जाकोब दो बांदोलिम (१९६९) यांच्या रचना छापून वाटता येत नाहीत. म्हणून कागद फक्त पहिल्या तिघांचे, बाकी कानाने. सार्वजनिक वादनाचा परवाना सभागृहाकडे आहे, तो मागवून प्रत ठेवली.

कागद दोन आठवड्यांनी परत घ्यायचे. कागदावरून वाजवणारा समोरच्याकडे बघत नाही.

२६ मार्च

बाइशारिया कधी वाजवायची, आज एवढेच. चाल लांब स्वरावर थांबते तेव्हा. चाल धावत असताना खर्जही धावला की दोन्ही झाकोळतात. सराव: बासरीने चाल वाजवायची, गिटारवाल्याने आधी नुसते थांबे शोधून तिथे एकच खर्जाचा स्वर ठेवायचा, मग त्या स्वराकडे नेणारे तीन, मग पाच. ओळ पुढच्या मापाच्या पहिल्या स्वरावर उतरली पाहिजे. अर्ध्यात संपली की खड्डा पडतो, आणि तो खड्डा पांदेइरोवाला जोराने वाजवून भरायला जातो. मग गती वाढते. आज हे तंतोतंत घडताना सगळ्यांनी ऐकले. गती पळाल्याचा दोष पांदेइरोला दिला जातो, मूळ कारण गिटारच्या अपुऱ्या ओळीत होते.

गती ७२. ती ९० पर्यंत न्यायची आहे, त्याच्या वर नाही.

२ एप्रिल

कुइका. कातड्याच्या मध्यावर आतून बांबूची काडी बांधलेली. ओल्या फडक्याने ती घासायची आणि बाहेरून दुसऱ्या हाताचे बोट कातड्यावर मध्याजवळ दाबायचे. दाब वाढवला की सूर चढतो. फडके कोरडे असेल तर कर्कश किंवा काहीच नाही, फार ओले असेल तर बोटे सरकतात. पिळून घेतलेले सुती फडके बरे. काडी ओढायची नाही, घासायची. ओढली की गाठ सुटते आणि कातडे मध्यातून फाटते.

९ एप्रिल

रोदेचे शिष्टाचार. हा धडा वाद्याच्या धड्यांपेक्षा मोठा.

एका रोदेत एकच पांदेइरो. आपल्याकडे नऊ आहेत. म्हणून प्रत्येक रचनेला एक जण वाजवेल, बाकीचे मांडीवर बोटांनी, आवाज न करता. बदल रचना संपल्यावरच. हे कठोर वाटते, पण दोन पांदेइरो एकत्र वाजले की दोघांचे चौथे तुकडे वेगळे लांबतात आणि सगळी लय चिखलात जाते. काव्हाकिन्योही एकच तालाला. दुसरा असेल तर त्याने चाल घ्यावी.

रचना सुरू करणारा गती देतो, मान हलवून. त्याच्याआधी कोणी सुरुवात करायची नाही. चाल एकाकडून दुसऱ्याकडे भाग संपताना जाते, नजरेने. चाल नसलेल्याने तिच्यापेक्षा कमी आवाजात वाजवायचे, आणि ती ऐकू येत नसेल तर स्वतःचा आवाज कमी करायचा, चालवाल्याला वाढव म्हणायचे नाही. रचना येत नसेल तर पहिला अ नुसता ऐकावा, दुसऱ्या अ ला हलके शिरावे. बसताना वाजवणारे टेबलाला, ऐकणारे त्यांच्यामागे. मधे उभे राहायचे नाही.

१६ एप्रिल

रचनाक्रम ठरला: सुरुवात कालादोंच्या एका पोल्काने (युरोपी नृत्यप्रकार), मग शिकिन्या गोंझागा, मग नाझारेथ, त्यानंतर कानाने शिकलेल्या रचना. बातेरिया रोदेनंतर, बाहेर आवारात. आधी बातेरिया केली तर कान बधिर होतात आणि शोरोत कोणाला बासरी ऐकू येत नाही.

टेबल लाकडी, १.२ मीटर व्यासाचे. मायक्रोफोन नाही.

२३ एप्रिल

रोदा झाली. कालादोंची पोल्का ७२ ने सुरू होऊन शेवटच्या अ ला ७८ वर गेली. हे चालते, कारण चढ तिघांनी मिळून केला, कोणी एकाने ओढला नाही. नाझारेथच्या क भागात चाहूल दोनदा उशिरा आली आणि क्लॅरिनेट थांबले, पण पांदेइरोने ठेका हलू दिला नाही आणि पुढच्या मापात सगळे परत आले. त्या जागी पांदेइरोवर तबला शिकलेली विद्यार्थिनी होती. पहिली मात्रा दाबून धरली होती तिने. चुकल्यावर जोर वाढवण्याची ओढ आवरता येणे हा या सत्रातला सगळ्यात मोठा फायदा.

कानाने शिकलेल्या रचना कागदाच्या रचनांपेक्षा सरळ चांगल्या गेल्या. चौथे तुकडे लांबत होते.

बातेरिया १२४ वर. पहिला सुर्दो वाजवणारा थकला की दुसऱ्याने त्याची जागा घ्यायची नाही, काठी बदलायची, वाद्य नाही, तसे झाले. तांबोरिम एकदा आत्राव्हेसादो गेले आणि दोन मात्रा गप्प राहून परत आले.

३० एप्रिल

आवराआवर आणि पुढची मागणी. दोन पांदेइरोंची कातडी कडेजवळ पातळ झाली आहेत, बदलायची. नवीन कातडे कोमट नव्हे, थंड पाण्यात मऊ करून बसवायचे आणि सावलीत दोन दिवस वाळू द्यायचे, त्याआधी नट फक्त हाताने आवळायचे. २० इंची सुर्दोचा एक दांडा वाकला आहे. कुइकेची काडी ठीक, गाठ नवी बांधली. काव्हाकिन्योच्या पहिल्या तारांचे सहा संच मागवायचे.

आखणीत बदल: वाद्याविना चालण्याचे आठवडे एकावरून दोन. बाइशारियाचा धडा मार्चअखेरीवरून मध्यावर आणायचा, म्हणजे गती पळण्याचे कारण पांदेइरोवाल्यांना लवकर कळेल. कागद पहिल्या रचनेपुरतेच. पांदेइरो आणखी चार घ्यायचे, सगळे १० इंची, बकरीच्या कातड्याचे. नायलॉनचे दोन पावसाच्या संध्याकाळी बाहेर वाजवण्यासाठी राखून ठेवायचे.